डोळ्यांची आखणी

माणसाने आजवर पुष्कळ रेघा ओढल्या. शेताच्या बांधाच्या ओढल्या, देशांच्या सीमेच्या ओढल्या, आणि आम्ही कॉमर्सवाल्यांनी बेरजेखाली दुहेरी ओढल्या. बेरजेखाली दुहेरी रेघ आली की पुढे कुणी बोलायचं नाही, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. पण या सगळ्यांत लांबीला सर्वांत कमी आणि वेळ खायला सर्वांत जास्त अशी रेघ कुठली असेल, तर ती बाईच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून निघून भुवईच्या दिशेने वर जाणारी. लांबी अर्ध्या इंचाहून कमी. लागणारा वेळ म्हणाल, तर तेवढ्यात विठ्ठलवाडीहून कल्याण स्टेशनापर्यंत चालत जाऊन येताना भाजीसुद्धा आणता येते.

हिला हल्ली ‘विंग’ म्हणतात. विंग म्हटली की मला सोसायटीची बी विंग आठवते, जिथलं पाणी नेहमी आमच्या आधी येतं. पण इथे विंग म्हणजे पंख. पापणीच्या काठाकाठाने आयलायनरची काळी रेघ न्यायची आणि शेवटी तिला पंखासारखी वर उचलायची. या प्रकाराला मराठीत शब्द नाही असं आमची कन्या म्हणते. मी ते मान्य करत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मूर्ती घडते, वाळते, रंगते, आणि मग होते ती डोळ्यांची ‘आखणी’. हे काम कुणाही पोऱ्याला देत नाहीत. ज्याचा हात बसलाय तोच कारागीर बारीक कुंचला घेऊन श्वास रोखून ती रेघ ओढतो. सोंड थोडी वाकडी झाली तर भक्त चालवून घेतो. डोळा चुकला तर गणपती आपल्याकडे न बघता शेजाऱ्यांकडे बघतो. देवळातल्या मूर्तीचे डोळेसुद्धा प्रतिष्ठेच्या वेळी सोन्याच्या शलाकेने उघडतात. त्या विधीला नेत्रोन्मीलन म्हणतात. तेव्हा आरशासमोर बसलेल्या बाईला ‘आटप लवकर’ म्हणणाऱ्या नवऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की हे काम देवांच्या बाबतीतही घाईने होत नाही.

आखणीतली खरी अडचण रेघ ओढण्याची नाही. दोन ओढण्याची आहे. देवाने डोळे दोन दिले आणि तिथेच हिशेब सुरू झाला. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसला पुस्तक छापून दुहेरी नोंदीची पद्धत जगाला समजावून सांगितली, म्हणून आम्ही बी.कॉम.वाले त्याला गुरुस्थानी मानतो. पण ती पद्धत बायकांना त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. आमची सौ. आधी डाव्या डोळ्याची नोंद करते, मग उजव्या. उजवा पंख केसभर वर जातो. मग डावा वर न्यायचा. तो जरा जास्त जातो. मग पुन्हा उजवा. तेरीज जुळेपर्यंत दोन्ही पंख कानांच्या दिशेने निघालेले असतात. आमच्याकडे तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकण्याची सोय आहे. तिच्याकडे कापसाचा बोळा आहे. तो ओला करून ती सगळं खातं पुसून टाकते आणि नव्याने उघडते. लग्नाचा मुहूर्त तोपर्यंत गेलेला असतो. आम्ही थेट पंगतीला पोचतो.

लेडीज डब्यातली बातमी आमच्या घरी सौ.मार्फत येते. तिच्या सांगण्याप्रमाणे काही मुली ही तेरीज सकाळच्या लोकलमध्ये, उभ्याने जुळवतात. विठ्ठलवाडी सोडून कल्याणच्या आधी सिग्नलला गाडी थबकली की एक डोळा, आणि पुढे दिव्याच्या अलीकडे थबकली की दुसरा. रेल्वेची गाडी वेळेवर धावली तर या मुली एकाच डोळ्याने कामावर पोचतील. मध्य रेल्वे तशी वेळ येऊ देत नाही.

तर सांगायचं म्हणजे आमच्या कन्येने कॉलेजच्या सुट्टीत ब्यूटिशियनचा कोर्स धरला आहे. तिची वही मी पाहिली. वही बघणं हा आमचा धंदाच आहे. पानावर तीन रकाने आखलेले: आकार, दोष, उपाय. पहिल्या रकान्यात डोळ्यांची चित्रं. बदामी डोळा: दोष नाही, खालच्या पापणीची कड जशी वर जाते तशीच पुढे भुवईच्या टोकाकडे रेघ न्यावी. गोल डोळा: आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करू नये, मधून करावी आणि पंख वर न्यावा त्यापेक्षा बाहेर लांबवावा, म्हणजे डोळा लांबट दिसतो. बाहेरचा कोपरा खाली झुकलेला: झुकल्या रेघेच्या मागे जाऊ नये, कोपरा यायच्या थोडं आधीच रेघ वर उचलावी. एकेरी पापणी, म्हणजे जिच्यात घडी नाही ती: रेघ जाड हवी, नाहीतर डोळा उघडला की दिसतच नाही. डोळे एकमेकांच्या फार जवळ असतील तर बाहेरच्या बाजूला भर द्यावा. फार लांब असतील तर आतल्या. हात थरथरत असेल तर कोपऱ्याला तिरकी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने ओढावी. ही शेवटची सूचना मला फार आवडली. फूटपट्टी न वापरता रेघ ओढणाऱ्याचं कॉमर्समध्ये कधीच चांगलं झालेलं नाही.

सर्वांत शेवटी होता ‘झाकलेला डोळा’. यात वरची कातडी पापणीवर ओघळून आलेली असते. डोळा मिटून सुरेख पंख काढावा, आणि उघडावा तर तो घडीत गडप. उपायाच्या रकान्यात पाच ओळी होत्या. आणि दोषाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आजी’.

सबंध वहीत नावानिशी नोंद फक्त तेवढीच. मी म्हटलं, “अगं, हा दोष कसा? बहात्तर वर्षं वापरलेले डोळे आहेत ते. आम्ही याला घसारा म्हणतो.”

“बाबा, परीक्षेत दोष लिहावाच लागतो,” ती म्हणाली. “मार्क त्यालाच आहेत.”

मार्क कशाला आहेत हे कळलं की माणूस वाद घालत नाही. पण तो मधला रकाना माझ्या डोक्यात राहिला. डोळ्यांचे आकार मांडून ठेवण्याची हौस पार्लरवाल्यांनी काढली असं कुणाला वाटत असेल, तर ते तसं नाही. आपल्याकडे हे काम ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडात तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच झालं आहे. त्यातल्या चित्रकलेच्या भागाला ‘चित्रसूत्र’ म्हणतात. वज्र नावाचा राजा मार्कंडेय मुनींकडे जातो आणि म्हणतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. मुनी म्हणतात, त्यासाठी आधी चित्रकला यायला हवी. मग ती शिकवा. त्यासाठी नृत्य यायला हवं. मग ते. त्यासाठी वाद्य. वाद्यासाठी गाणं. कर्जाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, दाखल्याला रहिवासाचा पुरावा आणि पुराव्याला विजेचं बिल, ही आमची पद्धत किती पुरातन आहे, हे मला हा संवाद वाचल्यावर कळलं.

या चित्रसूत्रात डोळ्यांचे पाच आकार दिले आहेत, आणि तेही मापासकट. माप यवाचं, म्हणजे जवाच्या दाण्याचं. धनुष्यासारखा चापाकार डोळा तीन यव, माशाच्या पोटासारखा मत्स्योदर चार, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा उत्पलपत्र सहा, कमळाच्या पाकळीसारखा पद्मपत्र नऊ आणि सहाणेसारखा शाणाकृती दहा. इथवर कन्येच्या वहीतला आणि मार्कंडेयांचा पहिला रकाना सारखाच आहे. फरक आहे तो दुसऱ्या रकान्यात. मार्कंडेयांच्या दुसऱ्या रकान्याला ‘दोष’ हे नावच नाही. तिथे कोणता डोळा कुणाला आणि केव्हा काढावा, ते सांगितलं आहे. ध्यानात बसून जमिनीकडे बघणाऱ्या योग्याला धनुष्याचा. स्त्रियांना आणि प्रेमात पडलेल्यांना माशाचा. ज्याच्या मनात काही खळबळ नाही त्याला निळ्या कमळाचा. घाबरलेल्याला आणि रडणाऱ्याला कमळाच्या पाकळीचा. आणि रागावलेल्याला, वेदनेने तळमळणाऱ्याला सहाणेचा.

म्हणजे डोळ्याचा आकार ही माणसाची मालमत्ता नव्हे. ती त्या वेळची शिल्लक. एकच माणूस सकाळी निळं कमळ असतो आणि संध्याकाळी सहाण. आमच्या शाखेत हे पाचही प्रकार एका दिवसात बघायला मिळतात. साडेदहाला काउंटरवरचा प्रत्येक जण योगी असतो. नजर खाली, धनुष्यासारखी, कारण वर बघितलं तर गिऱ्हाइक दिसेल. नवं लग्न झालेला एक कॅशियर आहे, त्याचा मासा झालेला असतो. निळं कमळ फक्त शिपायाकडे. ऑडिटर आले की नऊ यवांची पाकळी सर्वत्र फुलते. आणि संध्याकाळी कॅश जुळत नसताना आमच्या मॅनेजरांचा डोळा बघावा. दहा यव कमीच पडतील. यात दोष कुणाचा काढायचा?

पुढे अवनींद्रनाथ टागोरांनी १९१४ साली भारतीय कलेतल्या शरीररचनेवर टिपणं लिहिली. त्यांनीही डोळे मोजले ते मासा, हरिण, कमळ, खंजन पक्षी यांच्याच हिशेबात. आपल्या मुलींची नावं बघा: मीनाक्षी, मृगाक्षी, कमलनयना. ही नावं म्हणजे जुनी वहीच. ‘झुकलेपापणी’ असं नाव कुणी बारशाला ठेवलेलं ऐकिवात नाही.

आकारांचं हे झालं. पण मुळात ती काळी रेघ आली कुठून? तिचा पत्ता शोधायला नाईलच्या काठी जावं लागतं. प्राचीन इजिप्तमध्ये आधी मॅलाकाइट या हिरव्या खनिजाची आणि पुढे गॅलेना या शिशाच्या काळ्या खनिजाची पूड डोळ्यांभोवती लावत. लावत म्हणजे राणीही आणि राजाही. पुरुषांनी डोळे रंगवले म्हणून तिथे कुणी भुवया उंचावल्या नाहीत. त्याही रंगवलेल्याच होत्या. १९१२ च्या डिसेंबरात लुडविग बोर्खार्ट या जर्मन संशोधकाला अमार्ना इथे थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या जागेत राणी नेफर्टिटीचा मुखवटेवजा अर्धपुतळा सापडला. वय सुमारे सव्वातीन हजार वर्षं. भुवया कोरीव, डोळ्याची कड काळीभोर, पण बुबुळ एकाच डोळ्यात! डावा डोळा कोराच आहे. यावर विद्वानांचे नाना तर्क आहेत. माझा तर्क एवढाच, की दाराशी नवरा उभा राहून ‘झालं का?’ विचारत असणार आणि बाईसाहेबांनी ‘एक डोळा झालाय’ असं सांगितलं असणार. सव्वातीन हजार वर्षं झाली, दुसरा अजून व्हायचा आहे. बर्लिनच्या संग्रहालयात लोक रांग लावून वाट बघतात.

ही नुसती नटण्याची हौस नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञांनी लूव्हर संग्रहालयातल्या कुप्यांतली पूड तपासली, तेव्हा तिच्यात शिशाचे असे क्षार निघाले, जे तिथल्या निसर्गात आयते मिळणं कठीण. ते मुद्दाम तयार केलेले होते. २०१० साली त्यांनी दाखवलं, की हे क्षार अगदी थोड्या प्रमाणात त्वचेच्या पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढवतात आणि त्याने शरीराची जंतूंशी लढायची तयारी होते. पुराच्या पाण्यावरचे डास, माश्या आणि डोळे येणं यांवर तो इलाज होता. अर्थात शिसं ते शिसंच. आज कुणी शिशाचा सुरमा डोळ्यांत घालून नेफर्टिटी व्हायला निघालं, तर डॉक्टर रागावतील, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर फारच रागावतील.

आपल्याकडेही काजळ आधी वैद्याकडे होतं, मग आरशाकडे आलं. चरकाने दिनचर्येत रोज डोळ्यांत सौवीरांजन घालायला सांगितलं आहे, आणि पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन, म्हणजे साचलेलं पाणी वाहून जातं. आता हे सौवीरांजन म्हणजे सौवीर देशाचं अंजन. सौवीर म्हणजे सिंधू नदीच्या खालच्या अंगाचा मुलूख. त्याच मुलखातल्या मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्याच्या काजळ घालायच्या सळ्या मिळाल्या आहेत. आणि त्याच मुलखातली माणसं १९४७ नंतर आमच्या रुळांच्या पलीकडे, कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत येऊन राहिली. १९४९ साली त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. चरकाला सौवीर देशाहून अंजन मागवावं लागत असे. आम्हाला विठ्ठलवाडीचा पूल उतरला की झालं. तिथे काजळ मिळतं, आयलायनर मिळतं, आणि पूर्वी त्यावर ‘मेड इन यूएसए’ असंही असे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे इतका जुना आहे, की मोहेंजोदडोतच सापडला असावा.

मराठी घरातलं काजळ मात्र विकतचं नव्हे. माझी आजी ते घरी धरायची. काजळ ‘करत’ नाहीत, ‘धरतात’. चोर धरावा तसं. निरांजनात एरंडेल, कापसाची वात, दोन बाजूंना दोन वाट्या आणि त्यांवर पालथं तांब्याचं ताम्हण. रात्रभर ज्योत त्याला काजळी धरायची. सकाळी ती खरवडून गाईच्या तुपात खलायची, त्यात कापराचा कण, की डबी भरली. दिव्याखालचा अंधार म्हणीत गेला. दिव्यावरचा आजीने डबीत भरला. त्या डबीतलं पहिलं बोट बाळाच्या डोळ्यांत आणि उरलेलं त्याच्या गालावर तीट म्हणून. डोळ्यांत काजळ घातल्याने ते मोठे होतात ही आजीची खात्री होती. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, डोळे मोठे होत नाहीत, फक्त डॉक्टरांचं बिल होतं. बाळाच्या डोळ्यांत काही घालू नका. तिटेला मात्र कुठल्याही डॉक्टरने हरकत घेतल्याचं मला माहीत नाही.

याच काजळाने पश्चिमेकडे जाऊन काय गुण उधळले तेही सांगायला हवं. अरबीत काजळाला ‘कुह्ल’ म्हणतात. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे अगदी वस्त्रगाळ पूड. युरोपातल्या किमयागारांनी हा शब्द उचलला आणि कुठल्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला लावला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो दारूच्या अर्काला लावला, आणि तिथेच तो चिकटला. म्हणजे अल्कोहोल हे मूळचं काजळ! डोळ्यांना नशिले म्हणणारे हिंदी सिनेमाचे गीतकार भाषाशास्त्राला धरूनच लिहीत होते, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर समजलं.

आता राहिला पंख. काजळ डोळ्याच्या आत होतं, ते बाहेर येऊन कानाकडे कशाला निघालं? याचं उत्तर शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाकडे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नजरेचे छत्तीस प्रकार सांगितले आहेत. छत्तीस नजरा टाकणारी नटी पुढच्यांना दिसेल. पण मागे बसलेल्याने पैसे कशाचे दिले? त्याच्यासाठी डोळा मोठा आखावा लागतो. म्हणून नृत्य-नाट्यात डोळ्याची रेघ बाहेर ओढलेली असते. कोकणातल्या दशावतारात नट आपलं तोंड आपणच रंगवतात. हातात आरसा, आणि पुढे देवळासमोर मांडी घालून बसलेला अख्खा गाव. आपल्या रंगभूमीवर ही कला बराच काळ पुरुषांकडेच होती. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं तेव्हा बालगंधर्वांच्या रुक्मिणीचे डोळे बघून बायकांनी घरी जाऊन आरशात पाहिलं असणार. त्या काळी बायकांनी कसं दिसावं हे पुरुषच ठरवत होते, अशी तक्रार आपण करतो. निदान बालगंधर्व ते स्वतः करून तरी दाखवत.

रंगभूमीवरून ही रेघ पडद्यावर गेली. १९६३ साली एलिझाबेथ टेलरची ‘क्लिओपात्रा’ आली आणि सगळ्या जगाच्या पापण्यांना इजिप्शियन पंख फुटले. आपल्याकडे तोवर ‘लव्ह इन सिमला’तल्या (१९६०) साधनाने कपाळ झाकून घेतलंच होतं, मग उरलेल्या चेहऱ्यावर बघण्यासारखे डोळेच राहिले. साधना, शर्मिला टागोर, आशा पारेख, साऱ्याजणींच्या डोळ्यांचे कोपरे त्या दशकात उडायच्या बेतात होते. सामान्य घरात मात्र ही चैन परवडायची नाही. त्या दृष्टीने १९५२ साल महत्त्वाचं. टाटांच्या तेल कंपनीने फ्रेंचांच्या मदतीने सौंदर्यप्रसाधनांची देशी कंपनी काढली आणि नाव ठेवलं ‘लॅक्मे’. हे नाव १८८३ सालच्या एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचं, आणि ती नायिका म्हणजे आपली लक्ष्मी. लक्ष्मी फ्रान्सला गेली, नाव बदलून परत आली, आणि मग आपण तिला पर्समध्ये ठेवलं. ती पाकिटातून जाते हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक होतंच.

हा सगळा इतिहास मी एवढ्या हौसेने जमवला तो त्या मधल्या रकान्यापायी. आणि जमवताना लक्षात आलं, की रेघ कशी ओढावी यापेक्षा कुणी ओढावी यावर आपल्या लोकांनी जास्त बारकाईने विचार केला आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ढगाला बायकोची ओळख सांगतो, तेव्हा म्हणतो, की तिच्या डोळ्यांत अंजनाची स्निग्धता नसेल, आणि मद्य सोडल्यामुळे भुवयांचे विभ्रमही ती विसरली असेल. म्हणजे काजळ आणि अल्कोहोल दोन्ही एकाच श्लोकात बंद! पण यक्षाच्या शिक्षेला वर्षाची मुदत होती. मुदत संपली की डबी पुन्हा उघडणार. ज्या बायकांचा यक्ष परत येणार नव्हता, त्यांचं खातं आपल्याकडे कायमचं बंद करत असत. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. काजळाचा उल्लेखही करायची गरज पडत नसे. ते त्यातच धरलेलं असे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. चरकापासून मोजलं तर दोनेक हजार वर्षांनी का होईना, ठराव झाला.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. आमच्या चाळीत आईला कुणीही काही बोललं नाही. चाळ चांगली होती. तिची चांदीची काजळाची डबी तिनेच उचलून कपाटात मागे ठेवली. वर्षभराने तिने बारीक टिकली लावायला सुरुवात केली, दोन वर्षांनी रंगीत पातळं आली. काजळ आलं नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाली, “टिकली न बघता लावता येते रे. काजळाला आरशात नीट बघावं लागतं.” एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली.

गेल्या रविवारी कन्येला ‘झाकलेल्या डोळ्या’चा सराव करायचा होता. परीक्षा चार दिवसांवर. वर्गात सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या. त्यांच्या पापण्या ओघळायला अजून तीस-चाळीस वर्षं अवकाश. तेवढं परीक्षक थांबणार नव्हते. घरात साहित्य एकच. आईने आधी “माझ्या वयाला हे काय” म्हणून बघितलं. सौ. म्हणाली, “आई, तुम्ही नाही म्हणालात तर ती माझ्या पापण्या ओढून खाली आणेल.” नातीच्या मार्कांचा प्रश्न होता. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली.

“आजी, डोळे मिटायचे नाहीत,” कन्या म्हणाली. “इतरांचं मिटवून काढतात. तुझं उघड्या डोळ्यांनीच काढायला लागतं, नाहीतर घडीत जातं. हा आरसा धर आणि सरळ समोर बघ. हसू नकोस.”

तिने आधी बाहेरच्या बाजूला एक ठिपका दिला, जिथून खालच्या पापणीची कड वर वळते तिथे. दुसरा घडीच्या वर. दोन्ही जोडले. मग पापणीच्या काठाने केसाएवढी बारीक रेघ, कारण जाड रेघ आहे तोही डोळा खाऊन टाकते. घडीवरून जाताना रेघ मोडली, तर तिने ती घडीसकट रंगवून घेतली. डोळा मिटला तर भलताच वेडावाकडा आकार दिसत होता. उघडला की नीट पंख. पेणच्या कारागिराने बघितलं असतं तर त्याने श्वास सोडला असता.

दुसरा डोळाही झाला. आई आरसा धरून बसली होती, तशीच बसून राहिली. तीन यव, चार यव, सहा यव, मी आपला मोजत होतो. मला काही माप लागेना. बाहेर अंबरनाथ लोकल गेली. सौ. उगीचच गॅस बारीक करायला आत गेली.

“डावं जरा वर गेलंय,” आई म्हणाली.

कन्येने कापसाचा बोळा उचलला.

“पुसू नकोस,” आई म्हणाली. “उजवं वर ने.”